सेफ क्लस्टर ६१ टक्के भरलेला, पण एकच डिस्क ९१ वर! काय करावं?

रात्रपाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे स्टोरेजवाले बरेच आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारतो.

आमच्याकडे प्रॉक्समॉक्सच्या (व्हर्च्युअल मशिनी चालवणारं सॉफ्टवेअर) मागे सेफ (अनेक सर्व्हरांच्या डिस्क जोडून एकच साठा करणारं सॉफ्टवेअर) आहे. चार नोड (सर्व्हर), प्रत्येकात सहा डिस्क. जुन्या तीन नोडांत ४ टीबीच्या, मागाहून आलेल्या चौथ्यात ८ टीबीच्या. म्हणजे २४, २४, २४ आणि ४८, एकूण १२० टीबी कच्ची जागा. तीन प्रती, फेल्युअर डोमेन होस्ट, म्हणजे प्रत्येक प्रत वेगळ्या नोडावर. जवळपास सगळा डेटा व्हर्च्युअल मशिनींच्या एकाच पूलमध्ये, त्याचे पीजी (प्लेसमेंट ग्रुप, म्हणजे डेटाचे गट) २५६. व्हर्जन क्विन्सी, पण क्लस्टर जुना आहे, अपग्रेड होत होत इथवर आलाय.

'सेफ डीएफ' म्हणतं ६१ टक्के. 'सेफ ओएसडी डीएफ ट्री' (ओएसडी म्हणजे एकेक डिस्क सांभाळणारा सेफचा प्रोग्राम) उघडलं तर १७ नंबरची डिस्क ९१ टक्के आणि त्याच नोडातली तिची शेजारीण ५९! हेल्थमध्ये पिवळा दिवा, 'बॅकफिलफुल'. साहेबांना ६१ चाच आकडा दिसतो. त्यांचं म्हणणं, "अजून चाळीस टक्के रिकामं आहे की, कशाला नाचताय?"

माझ्या शंका अशा: ही डिस्क ९५ ला पोचली तर नक्की काय होईल, तिच्यावरचा भार उतरवायचा बरा मार्ग कोणता, आणि मुळात ही अशी का भरली?

---

खवचट

साहेबांनाच १७ नंबरच्या डिस्कवर बसवा. भार आपोआप कळेल.

---

नाना_नागपूरकर

घाबरू नका, पण झोपूही नका. मूळ मर्यादा अशा असतात: ८५ टक्क्यांना 'निअरफुल', म्हणजे नुसती सूचना. ९० ला 'बॅकफिलफुल', म्हणजे त्या डिस्कवर बाहेरून डेटा हलवून आणणं बंद. ९५ ला 'फुल', आणि तिथे खेळ खलास. त्या डिस्कवर ज्या ज्या पूलचे पीजी आहेत त्यांचं लिहिणं थांबतं. तुमचा एकच पूल सगळीकडे पसरलाय, म्हणजे सगळ्या मशिनी लटकणार. एररसुद्धा येत नाही, लिहिणं नुसतं वाट बघत बसतं. आत डेटाबेस असेल तर फोन सुरू होतात.

उपाय सोपा आहे. 'सेफ ओएसडी रीवेट १७ ०.९' करा, म्हणजे १७ चं वजन थोडं कमी होऊन थोडे पीजी दुसरीकडे जातील. आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो.

---

वाचनमात्र

तांत्रिक माणूस नाही, कुतूहल म्हणून विचारते. बाकीच्या डिस्क रिकाम्या असताना एका डिस्कपायी सगळं थांबवायचं, हे म्हणजे एका ताटात जागा उरली नाही म्हणून अख्खी पंगत थांबवण्यासारखं झालं ना? वाढप्याने पुढच्या ताटात वाढावं!

---

मृगनक्षत्र

वाचनमात्र ताई, उपमा झकास, फक्त इथे वाढपीच नाही. कुठला तुकडा कुठल्या डिस्कवर जाणार हे कुणी बसून ठरवत नाही. ऑब्जेक्टच्या नावावरून हॅश, हॅशवरून पीजी, आणि पीजीवरून क्रश नावाचं गणित तीन डिस्क काढून देतं. प्रत्येक क्लायंट स्वतःच हे गणित करतो, मधे यादी ठेवणारं कुणी नाही. सेज वाइल आणि त्यांच्या सान्ता क्रूझच्या सहकाऱ्यांनी २००६ साली क्रश मांडलं ते यासाठीच, की मधला यादीवाला अडथळा ठरू नये. त्या सोयीची किंमत ही. गणिताने १७ नंबर सांगितला की १७ नंबरच. तो भरलाय म्हणून १८ वर टाकलं, तर उद्या वाचणारा १७ वरच शोधायला जाणार.

आता रात्रपाळींच्या शंकेकडे. २५६ पीजी गुणिले तीन प्रती, म्हणजे ७६८ तुकडे २४ डिस्कवर. तुमच्या लहान डिस्कवर सरासरी तीसेक पीजी येत असणार. तुमचा खरा डेटा २४ टीबीच्या आसपास, म्हणजे एकेक पीजी साधारण ९५ जीबीचा. आता बघा: क्रशची वाटणी यादृच्छिकासारखी असते. सरासरी तीस म्हटलं तरी कुणाला २५ येतात, कुणाला ३८. अडतीस गुणिले ९५ म्हणजे ३.६ टीबी, तुमचे ९१ टक्के. पंचवीसवाली म्हणजे ५९ टक्क्यांची शेजारीण. 'डीएफ ट्री'त शेवटाकडे पीजीचा रकाना असतो, तो बघून सांगा.

---

रात्रपाळी

ताई, १७ वर ३८ आणि शेजारणीवर २५! तुम्ही आमच्या सर्व्हर रूममध्ये बसला आहात का?

---

मृगनक्षत्र

:) साहेबांसाठी अजून एक. 'सेफ डीएफ'मध्ये खाली पूलच्या ओळीत 'मॅक्स अव्हेल' असतं. ते ६१ टक्क्यांवरून काढलेलं नसतं, जी डिस्क सर्वात आधी भरणार तिच्यावरून काढलेलं असतं. तुमच्या आकड्यांवरून तिथे दीडेक टीबीच दिसत असणार. ४० टक्के शिल्लक आहे म्हणणाऱ्यांना तो रकाना दाखवा.

नाना, रीवेटबद्दल मात्र मतभेद. रीवेटने काम होतं, पण सुटलेले पीजी कुठे जाऊन पडतील हे तुमच्या हातात नसतं. आज १७ वरून काढले, उद्या ९ नंबर ८८ वर. मग त्याला रीवेट. काही वर्षांनी निम्म्या डिस्कवर ०.८७, ०.९३ असे आकडे चिकटलेले, आणि ते कुणी का लावले हे कुणालाच आठवत नाही.

---

नाना_नागपूरकर

ताई, हे अपमॅप (ठरावीक पीजी ठरावीक डिस्कवर हलवण्याची सोय) वगैरे नव्हतं तेव्हापासून आम्ही क्लस्टर चालवतोय. 'टेस्ट-रीवेट-बाय-युटिलायझेशन' आधी चालवून बघायचं, काय हलणार ते कळतं, मग खरं चालवायचं. मूळ सेटिंगमध्ये ते एका वेळी चारच डिस्कना हात लावतं आणि ०.०५ पेक्षा जास्त बदलत नाही. सांभाळून वापरलं तर काही बिघडत नाही. घर जळत असताना वास्तुशास्त्र काढू नये.

---

सांगलीचा_सिसॅडमिन

नानांशी अर्धा सहमत. पण एक इशारा नवख्यांसाठी: 'ओएसडी रीवेट' आणि 'ओएसडी क्रश रीवेट' ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पहिल्यात ० ते १ चा आकडा, त्या डिस्कपुरता. दुसऱ्यात डिस्कचं वजन टेराबाइटमध्ये, आणि ते बदललं की वरच्या होस्टचंही वजन बदलतं. मग ज्यांचा काही संबंध नाही असे पीजीही फिरायला लागतात. आमच्याकडे एका कंत्राटदाराने क्रश वजन ४ टीबीच्या डिस्कला '१' दिलं, शंभर टक्के या अर्थाने. पुढचा आठवडाभर क्लस्टर नुसता डेटा इकडून तिकडे वाहत होता.

---

हडूप_बाबा

आमच्या एचडीएफएसमध्ये (हडूपची फाइल साठवण) ही कटकट नाही. नेमनोड बसलाय यादी घेऊन, नवा ब्लॉक जिथे जागा तिथे. बॅलन्सर (डेटा समान वाटणारं साधन) चालवायचा, मूळ थ्रेशोल्ड १० टक्के, रात्री लावून घरी जायचं.

---

खवचट

आणि नेमनोडची मेमरी भरली की सकाळी घरी जायचं, कायमचं.

---

हडूप_बाबा

@खवचट, बोचलं पण खरं आहे. कबूल करायचं तर आमचीही एक दुखरी जागा होती: बॅलन्सर नोडानोडांत समतोल साधायचा, एकाच नोडातल्या डिस्कांमध्ये नाही. नोडात नवी डिस्क टाकली की ती रिकामी आणि जुन्या काठोकाठ. हडूप ३ मध्ये वेगळा डिस्क बॅलन्सर आला तेव्हा कुठे हायसं वाटलं.

---

उत्तररात्र

अवांतर: ८५-९०-९५ हे आकडे बघून हसू आलं. इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनाचे वॉटरमार्क अगदी हेच! ८५ ला त्या नोडवर नवे शार्ड (इंडेक्सचे तुकडे) देणं बंद, ९० ला असलेले शार्ड हलवायला लागतो, ९५ ला 'फ्लड स्टेज' आणि इंडेक्स फक्त वाचण्यापुरता. पूर्वी जागा मोकळी केल्यावर ते कुलूप हाताने काढावं लागायचं, ७.४ पासून आपोआप निघतं.

धाग्याच्या विषयावर: सेफचा स्वतःचा बॅलन्सर चालू आहे का हे कुणी विचारलंच नाही! पॅसिफिक व्हर्जनपासून तो अपमॅप मोडमध्ये आपसूक चालू असतो. ३८ आणि २५ अशी तफावत त्याने राहू द्यायला नको होती. 'सेफ बॅलन्सर स्टेटस' काय म्हणतं?

---

मृगनक्षत्र

+१, नेमका प्रश्न. नाना, रीवेटच्या नादात आपण दोघंही भांडत बसलो :)

---

रात्रपाळी

चालू आहे, मोड अपमॅप. पण खाली लिहिलंय की 'मिन कॉम्पॅट क्लायंट' (कमीत कमी कुठल्या व्हर्जनचा क्लायंट चालेल ते) ज्युएल आहे, अपमॅपला त्यानंतरचं ल्युमिनस लागतं. म्हणजे हा पठ्ठ्या चालू असून काहीच करत नव्हता?

---

उत्तररात्र

बरोब्बर. क्लस्टर जुना असल्याचा परिणाम. अपमॅप म्हणजे क्रशच्या उत्तराला जोडलेली अपवादांची छोटी यादी: 'अमुक पीजी १७ वर न ठेवता २१ वर'. ही यादी क्लायंटलाही वाचता आली पाहिजे, म्हणून ल्युमिनसपूर्वीचे क्लायंट चालत नाहीत. आधी 'सेफ फीचर्स' बघा, कुणी खरोखर जुनं जोडलेलं आहे का. नसेल तर 'सेफ ओएसडी सेट-रिक्वायर-मिन-कॉम्पॅट-क्लायंट ल्युमिनस'.

---

रात्रपाळी

'सेफ फीचर्स'मध्ये एक क्लायंट ज्युएल दिसतोय. शोधला, तो बॅकअपचा सर्व्हर निघाला, लिनक्स कर्नलमधून सेफएफएस (सेफची फाइल सिस्टिम) माउंट केलंय. पण त्याचा कर्नल ५.४ आहे! ज्युएल कसा?

---

सांगलीचा_सिसॅडमिन

हे नेहमीचंच. कर्नल क्लायंट स्वतःची ओळख जुन्या नावाने सांगतो. ४.१३ च्या पुढच्या कर्नलला अपमॅप समजतं. मॉनिटर (क्लस्टरचा नकाशा सांभाळणारा प्रोग्राम) मात्र अडवेल आणि ते जगप्रसिद्ध शेपूट मागेल: 'येस-आय-रिअली-मीन-इट'. कर्नलची खात्री असेल तरच लावा.

---

खवचट

लग्नाच्या नोंदणी फॉर्ममध्येही हे शेपूट असायला हवं होतं.

---

तीनफुल्या_तीनबदाम

माझा अनुभव लहान क्लस्टरवाल्यांसाठी. तीन नोड, प्रत्येकात दोनच डिस्क, तीन प्रती. सगळं ५५ टक्के, हिरवंगार. एक डिस्क गेली. मला वाटत होतं तिचा डेटा उरलेल्या पाचांत वाटला जाईल. छे! तीन नोड आणि तीन प्रती, म्हणजे प्रत्येक नोडात एक प्रत हवीच. त्यामुळे गेलेल्या डिस्कचा सगळा डेटा त्याच नोडातल्या दुसऱ्या डिस्कवर यायला निघाला. ५५ अधिक ५५. दहा मिनिटांनी डिस्क 'आउट' (हिशेबाबाहेर) झाली, बॅकफिल (डेटा दुसरीकडे भरणं) सुरू, आणि ९० ला जाऊन अडकलं, 'बॅकफिल टूफुल'. वर मशिनींचं लिहिणं चालूच, त्यामुळे डिस्क हळूहळू ९५ कडे. शेवटी मशिनी बंद करून जागा काढली.

तेव्हा नोडात कमी डिस्क असतील तर भरण्याची मर्यादा ८५ नसते. दोन डिस्क असतील तर चाळिशीतच थांबा.

---

नाना_नागपूरकर

अशा वेळी 'सेट-फुल-रेशो ०.९६' करून थोडा श्वास मिळतो. फक्त ०.९७ च्या वर जाऊ नका. आणि नंतर परत ०.९५ करायला विसरू नका.

---

मृगनक्षत्र

नानांशी इथे पूर्ण सहमत. ब्लूस्टोअरला (डिस्कवर डेटा लिहिणारा सेफचा भाग) स्वतःच्या हिशेबासाठी, रॉक्सडीबी या आतल्या डेटाबेससाठीही त्याच डिस्कवर जागा लागते. खरोखर शंभर टक्के भरलेला ओएसडी बंद पडला की पुन्हा उठतच नाही. मग ऑब्जेक्टस्टोअर टूलने एखादा पीजी बाहेर काढा, तो नक्की दुसरीकडे सुखरूप आहे ना हे दहादा बघा, आणि मग इथून पुसा. रात्री तीन वाजता हे करण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

रात्रपाळी, बॅलन्सर मार्गी लागला की 'अपमॅप मॅक्स डेव्हिएशन' ५ वरून १ करा. तो बाइट मोजत नाही, पीजी मोजतो. पाचचा फरक त्याला चालतो, पण तुमचा एक पीजी ९५ जीबीचा, म्हणजे सरासरीपेक्षा पाच जास्त म्हटलं तरी ४ टीबीच्या डिस्कवर बारा टक्के.

---

उत्तररात्र

आणि पीजी वाढवा. ऑटोस्केलर (पीजींची संख्या आपोआप ठरवणारा) का गप्प आहे तेही सांगतो. आजच्या वापरावरून त्याच्या हिशेबाने ५१२ व्हायला हवेत, पण तिपटीचा फरक पडल्याशिवाय तो हात लावत नाही. दुप्पट म्हणजे त्याच्या लेखी ठीकच.

---

नाना_नागपूरकर

पण आत्ता नको! डिस्क ९१ वर असताना पीजी तोडायला घेतले तर आगीतून फुफाट्यात. आधी समतोल, मग पीजी.

---

हडूप_बाबा

एक बाळबोध प्रश्न: आत खरंच २४ टीबी कामाचा डेटा आहे का? व्हर्च्युअल मशिनच्या आत फाइल पुसली म्हणून खाली जागा सुटते का?

---

सांगलीचा_सिसॅडमिन

बाबा, बाळबोध नाही, लाखमोलाचा. नाही सुटत. प्रॉक्समॉक्समध्ये डिस्कला 'डिस्कार्ड' लावलेलं हवं आणि आत 'एफएसट्रिम' (सुटलेली जागा खाली कळवणारी आज्ञा) चालायला हवं. नाहीतर आतल्या माणसाला वाटतं पुसलं, आणि सेफला त्याचा पत्ताच नसतो. स्नॅपशॉट असतील तर तेही जागा धरून बसतात. ऑब्जेक्ट स्टोरेजवाल्यांनी लक्षात ठेवा, तिथे पुसलेलं दोन तास तरी कचरापेटीतच पडून असतं, मग सफाई.

---

रात्रपाळी

मंडळी, अपडेट. शेपूट लावून ल्युमिनस केलं. बॅलन्सर लगेच जागा झाला, पण एकदम सगळं नाही हलवलं, पाच टक्क्यांपेक्षा जास्त डेटा एका वेळी जागेबाहेर ठेवत नाही असं दिसलं. १७ नंबर आधी ८८, मग ८०... साहेबांना मॅक्स अव्हेलचा रकाना दाखवला, ते पहिल्यांदाच गप्प बसले. मधल्या काळात बाबांच्या प्रश्नावरून सगळीकडे एफएसट्रिम चालवलं, जवळजवळ दोन टीबी सुटले! आता खरा डेटा साडेबावीस टीबी, लहान डिस्क ५९ ते ६६ च्या मध्ये.

फक्त एक कळत नाही. चौथा, ८ टीबीवाला नोड ४६-४७ च्या पुढे सरकतच नाही. बॅलन्सर त्याला अजून भार का देत नाही?

---

मृगनक्षत्र

कारण देता येत नाही. एका पीजीच्या तीन प्रती तीन वेगळ्या नोडांवर, म्हणजे मोठ्या नोडाला प्रत्येक पीजीची जास्तीत जास्त एकच प्रत मिळू शकते. २५६ च्या २५६ मिळाल्या तरी साडेबावीसच टीबी. म्हणून तुमची कमाल मर्यादा १२० भागिले ३ म्हणजे ४० नाहीच, ती ३६ आहे. मोठा नोड ७५ टक्क्यांवर असताना लहान तिन्ही शंभर होतील.

पण खरी गंमत पुढे आहे. एखादा लहान नोड गेला असं धरा. उरले २४, २४, ४८. तीन नोड, तीन प्रती, प्रत्येकावर पूर्ण प्रत. म्हणजे डेटा २४ टीबीत बसायला हवा. तुमचा साडेबावीस, म्हणजे ९४ टक्के. बॅकफिल ९० लाच थांबणार. आणि ट्रिमच्या आधी २४ टीबीच्या वर होतात, तेव्हा तर बसणारच नव्हता. साहेब ज्या ६१ टक्क्यांवर निवांत होते, त्या आकड्यावर नोड गेला असता तर तिसरी प्रत पूर्ण उभीच राहिली नसती.

---

रात्रपाळी

बाप रे. मोठा नोड गेला तर?

---

मृगनक्षत्र

२४, २४, २४. तेच उत्तर.

---

सांगलीचा_सिसॅडमिन

मग नव्या खरेदीची वाट न बघता एक करा. ८ टीबीच्या डिस्क चारही नोडांत वाटा. दोन नोडांत दोन-दोन, उरलेल्या दोघांत एकेक, आणि तेवढ्या ४ टीबीच्या उलट चौथ्या नोडात. म्हणजे ३२, ३२, २८, २८. कमाल मर्यादा पूर्ण ४०, आणि एक नोड गेला तरी २८ टीबी बसतात. साडेबावीस म्हणजे ८० टक्के. पैसा शून्य.

---

नाना_नागपूरकर

पैसा शून्य, घाम भरपूर. डीबी (तीच रॉक्सडीबी) वेगळ्या एसएसडीवर असेल तर नुसती डिस्क उपटून दुसऱ्या नोडात घालता येत नाही, हे आधी तपासा. तसं नसेल तर 'नोआउट' लावा (डिस्क आपोआप आउट होऊ नये म्हणून), एक डिस्क काढून तिकडे घाला, 'सेफ-व्हॉल्यूम एलव्हीएम ॲक्टिव्हेट' करा, ओएसडी उठताना आपली नवी जागा स्वतःच सांगतो. मग सगळे पीजी स्वच्छ होईपर्यंत थांबा, आणि मगच पुढची. दोन डिस्क एकदम नको.

---

उत्तररात्र

मी तर नवा ओएसडी म्हणूनच घालेन. नाहीतरी क्रशमधली जागा बदलली की बहुतेक डेटा हलणारच, जुना जपून फायदा काय?

---

नाना_नागपूरकर

फायदा हा, की हलताना तिन्ही प्रती जिवंत राहतात. डिस्क पुसलीत की तेवढ्या पीजींच्या दोनच उरतात, आणि नेमकी तेव्हाच दुसरी डिस्क जाते.

---

उत्तररात्र

ओएसडी आधी 'आउट' करून रिकामा होऊ द्यायचा, मग पुसायचा. तिन्ही प्रती शाबूत.

---

नाना_नागपूरकर

तसं चालेल. वेळ दुप्पट लागेल.

---

रात्रपाळी

डीबी त्याच डिस्कवर आहे, तपासलं. नानांच्या पद्धतीने शनिवारी पहिली डिस्क हलवतो. तोवर नोड गेलाच तर आपोआप बॅकफिल सुरू होऊ नये असं काही करता येतं का?

---

मृगनक्षत्र

येतं. 'मॉन ओएसडी डाउन आउट सबट्री लिमिट' मुळात 'रॅक' असतं, ते 'होस्ट' करा. मग अख्खा नोड पडला तर सेफ त्याच्या डिस्क आपणहून आउट करणार नाही, तुम्ही नोड उठवेपर्यंत दोन प्रतींवर चालेल. एकटी डिस्क गेली तर मात्र नेहमीसारखं. सगळी अदलाबदल झाल्यावर पीजी ५१२ करा, आणि ते झालं की हे सेटिंग पुन्हा 'रॅक'वर न्यायचं की नाही ते ठरवा. मी चार नोडांच्या क्लस्टरवर 'होस्ट'च ठेवते.